दादर फुलोऱ्यात असताना

नंदुरबारात कोणी दोनदा खोकलं की बोट मिरचीकडे जातं. दसरा सरला की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मिरची वाळवायच्या पथाऱ्या पडतात, एकरच्या एकर जमीन लालभडक होते, आणि मग थेट शिवरात्रीपर्यंत कोणाचे डोळे चुरचुरले, नाक गळलं, छाती भरली, तरी आरोपी ठरलेला. मीही याच गावचा. बावीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवतो आहे. ‘पुरावा काय?’ हा माझा वर्गातला आवडता प्रश्न, मुलं माझ्या पाठीमागे त्याची नक्कल करतात. पण माझ्या बायकोला धाप लागायला लागली तेव्हा मी कोणाकडेही पुरावा मागितला नाही. मीही मिरचीकडेच बोट दाखवलं.

ते सोपंही होतं, कारण मिरची आमच्या घरातच होती. बायकोचं तिखटाचं कांडप होतं. धानोऱ्याच्या शेतकरी घरातली मुलगी, लग्नानंतर दहा वर्षं नुसता संसार केला, मग एक दिवस म्हणाली मला कांडपाचं यंत्र घ्यायचं आहे, आणि घेतलं. देठ खुडायला दोन बाया, पुढच्या खोलीत यंत्र, उन्हाळ्यात दारापुढे पिशव्या घेऊन बसलेल्या बायकांची रांग. मिरची हातात घेऊन ती नुसती मोडायची, कानाजवळ. आवाजावरून सांगायची, ही अजून दोन दिवस वाळू द्या. तिच्या हाताला कायम लाल झाक असायची आणि तिला त्याचा अभिमान होता. मला ‘सर’ म्हणून ओळखणाऱ्यांपेक्षा तिला ‘तिखटवाल्या ताई’ म्हणून ओळखणारे गावात जास्त होते. हे मला कधीकधी खुपायचं, आता खोटं कशाला बोलू.

चार वर्षांपूर्वी आम्ही गावातलं भाड्याचं घर सोडलं आणि नव्या कॉलनीत स्वतःचं बांधलं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे एका शेठची पथारी. मागे दादरचं शेत. दादर म्हणजे आमच्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत येणारी रब्बीची ज्वारी. माणसाच्या डोक्यावर जाते, आणि तिच्या भाकरीला कोणी नाव ठेवलं तर आमच्याकडे ठरलेली सोयरीक मोडेल. पहिल्याच पौषात बायकोला धाप लागली. पलंगाच्या काठावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून ती श्वास घ्यायची. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला. फाल्गुनात आपोआप बरं वाटलं. दुसऱ्या पौषात पुन्हा तेच, जास्त. तिसऱ्या पौषात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं.

सगळ्यांचं एकमत. शेजारी, नातेवाईक, माझे स्टाफरूममधले मित्र, सगळे म्हणाले, मिरची. मीही म्हटलं, मिरची. एकटी ती म्हणत होती, नाही.

“आयका,” तिने एकदा मला समोर बसवून सांगितलं. “चैत-वैशाखमा दिवसभर कांडप चालस, नाकमा-डोयामा तिखट जास, तवय मले काय व्हस का? दिवाईले वल्ली मिरची येस, तवय काय व्हस का? मंग पौसमाच कसाले व्हस?”

घरात आम्ही अहिराणीच बोलतो. पण वाद अंगाशी यायला लागला की मी शुद्ध मराठीवर येतो, वर्गातल्यासारखा. मी म्हणालो, “हे बघ, असे पदार्थ शरीरात साठत जातात. परिणाम उशिरा दिसतो. तुला त्यातलं कळत नाही.”

तिने जो प्रश्न विचारला होता तो माझ्या कोणा विद्यार्थिनीने विचारला असता तर मी तिला फळ्याजवळ उभं करून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. काय बदललं की काय होतं, काय बदललं नाही तरी काय होतं, हीच तर सगळ्या विज्ञानाची पहिली पायरी. ती आठवी शिकलेल्या बाईने चढली होती. मी एम. एस्सी.

त्या उन्हाळ्यात मी यंत्र विकून टाकलं. तिला विचारलं असं म्हणता येणार नाही. सांगितलं. घ्यायला टेम्पो आला तेव्हा ती रडली वगैरे नाही. यंत्र चढवणाऱ्या माणसाला म्हणाली, “त्याले दर महिनाले तेल टाका लागस, सांगज्यात घेनारले.” मग तिने ती खोली झाडली, पाण्याने धुतली, पुन्हा धुतली. फरशीच्या सांध्यांतून लाल पाणी निघतच होतं. मी समाधानाने बघत उभा होतो, की बघा, केवढं विष घरात होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि वर न्यायाधीशाचा रुबाब.

चौथा पौष जवळ आला. कांडप नाही, घरात मिरचीचा देठ नाही, तरी मार्गशीर्षातच तिची छाती वाजायला लागली. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला शिक्षक चूक कबूल करत नाही, तीच चूक मोठ्याने म्हणतो. मी म्हणालो, समोरची पथारी. वारा तिकडूनच येतो. तुला इथून हलवलं पाहिजे.

तापीकाठच्या गावी माझा धाकटा भाऊ आमची शेती बघतो. त्याचं घर मळ्यातच आहे, मिरची नाही, धूर नाही, रस्ता नाही. चहूबाजूंनी दादर. घराच्या पडवीत बसलं की दादरची ताटं हाताला लागतील इतकी जवळ, आणि सगळी कणसं नुकतीच निसवलेली, फुलोऱ्यात. मी बायकोला तिथे नेऊन सोडलं. जावेने तिची खाट पडवीत टाकली, तोंड शेताकडे. “आठे हवा चांगली शे ताई,” ती म्हणाली, “महिनाभरमा बरं वाटी.” मी बायकोला वर एक नियमही घालून दिला. रोज पहाटे उठून बांधावरून चालायचं, दीर्घ श्वास घेत.

आता यातलं विज्ञान सांगतो, म्हणजे माझ्या मूर्खपणाची खोली कळेल. ज्वारीचं कणीस फुलतं ते रात्रीच्या शेवटी, आणि पराग उधळतो तो पहाटेच. ऊन चढेपर्यंत बराचसा कारभार उरकलेला असतो. हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी ते परीक्षेत विचारलेलं होतं.

आठवड्याने तिचा फोन आला. बोलताना मध्ये थांबत होती. “आठे तर जास्तीच व्हई ऱ्हायनं. मी घर येस.”

मी म्हणालो, अंगातला मिरचीचा अंश निघायला वेळ लागतो, धीर धर. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालो, जमलं तर दादरची फुललेली कणसं कागदावर झटकून पराग पाठव, प्रॅक्टिकलला हवा आहे.

तिने पाठवला. वर्तमानपत्राची पुडी, दोऱ्याने नीट बांधलेली, भावाच्या हाती. मी शनिवारी प्रयोगशाळेत तो पिवळा भुगा काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मुलांना ओळीने बघायला लावलं. गुळगुळीत, गोल, हलके कण, वाऱ्यावर जाणाऱ्या परागाचा नमुना. ज्वारीचा पराग तासाभरात मरतो, म्हणून परागनळी दाखवायला मी सदाफुलीची फुलं आणली होती. साखरेच्या पाण्यात तिच्या परागाला नळी फुटताना दिसली की मुलं दरवर्षी ‘ओ’ करतात. मग मी माझं ठरलेलं भाषण केलं. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे. तुमची आई पेरूची जेली करते तेव्हा ती घट्ट होते ते याच पेक्टिनने. कच्ची पपई दगडासारखी आणि पिकली की बोटाने दबते, कारण तिच्यातली एन्झाइम्स हे पेक्टिन तोडतात. परागकणही अशीच एन्झाइम्स घेऊन येतो. फुलाच्या आत वाट कोणी करून ठेवलेली नसते. तो पेशींमधलं पेक्टिन विरघळवत, स्वतःची वाट स्वतः काढत, बीजांडापर्यंत जातो. मी म्हणालो, “लक्षात ठेवा मुलांनो, एवढासा कण, पण बंद दार उघडायची किल्ली घेऊन फिरतो.” आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज. माझ्या बोटांना पराग लागला होता, तो फळ्यावरही लागला.

त्याच संध्याकाळी मी भावाच्या मळ्यात गेलो. तिचा चेहरा ओढलेला, ओठ कोरडे. पंप दिवसातून किती वेळा ओढते हे विचारलं तर म्हणाली, मोजत नाही. मी तेव्हाच तिला गाडीत घालून न्यायला हवं होतं. पण सोमवारी दुसऱ्या तुकडीचं प्रॅक्टिकल होतं.

रविवारी पहाटे आम्ही दोघं बांधावर गेलो. थंडी होती, दादरच्या पानांवर दव. मी कागद धरला होता आणि ती कणीस वाकवून हलकेच बोटांनी टिचकी मारत होती. मारली की पिवळं धुकं उठायचं आणि तिच्या पदरावर, केसांवर, चेहऱ्यावर बसायचं. तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबली. म्हणाली, “बस व्हयनं ना आते?”

मी म्हणालो, “आखो दोन कनसं. फक्त दोन.”

तिने ती दोन कणसंही झटकली. मग ती बांधावर खाली बसली. मला वाटलं, दमली. मी पुडी बांधत होतो. पुडी बांधून झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं तर तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. शिट्टीसुद्धा नाही. शिट्टी थांबली की माणसं समजतात दम बसला. उलट असतं. शिट्टी वाजायलाही आत हवा जावी लागते.

मी ओरडलो. भाऊ धावत आला. पपई भरायच्या त्याच्या पिकअपमध्ये आम्ही तिला दोघांच्या मध्ये बसवलं. मी पंप तिच्या तोंडाला लावत होतो आणि तिला तो ओढता येत नव्हता, औषध ओठांवरच राहत होतं. मी भावाला म्हणालो, काचा उघड, मोकळी हवा लागू दे. त्याने दोन्ही काचा पूर्ण खाली केल्या. तापीकाठापासून नंदुरबारपर्यंतचा तो रस्ता मी हजारदा गेलो असेन. त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की दोन्ही बाजूंना दादर आहे, सगळीकडे दादर. पण तेव्हाही फक्त एवढंच लक्षात आलं की शेतं संपत नाहीत आणि गाव येत नाही. तिची नखं निळसर झाली होती. ती माझ्या शर्टाची बाही धरून होती. मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहिण्यासारखं नाही. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी वर्गात नवसाची टिंगल करतो, आणि त्या पाऊण तासात मी एकही देव सोडला नाही.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, सुया दिल्या, वाफ दिली. दारात उभं राहून मी तिच्या छातीकडे बघत होतो. वर, खाली. पुन्हा वर जाईल की नाही, असं प्रत्येक वेळी वाटायचं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिने पेज मागितली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडलो. खिशात हात घातला तर ती पराग बांधलेली पुडी. मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. तरीही, सांगायला लाज वाटते, तरीही मला उलगडा झाला नव्हता. मी भावाला म्हणत होतो, चार वर्षांची मिरची छातीत बसली आहे, ती इतक्यात थोडीच जाईल.

तिथल्या डॉक्टरांनीच सुरतेला ॲलर्जीची तपासणी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. महिन्याभराने, ती जरा चालती-फिरती झाल्यावर, आम्ही गेलो. सुरतेत अर्धा खान्देश राहतो, आणि योग असा की तिथल्या डॉक्टरीणबाईही मूळच्या आपल्याच भागातल्या निघाल्या. त्यांनी बायकोच्या हातावर पेनाने छोट्या खुणा केल्या, प्रत्येकीशेजारी एकेक थेंब टाकला आणि सुईचं टोक टेकवलं. घरातली धूळ, बुरशी, झुरळ, गाजर गवत, आणखी कायकाय. मी मुद्दाम सांगितलं, मिरचीचा थेंब नक्की टाका. त्यांनी आम्ही आणलेल्या मिरचीचाही टाकला. वीस मिनिटं थांबायचं होतं. मी तिच्या हातावरच्या मिरचीच्या खुणेकडे टक लावून बसलो होतो. ती तशीच राहिली, सपाट, स्वच्छ. वर मनगटाजवळ मात्र गवतांच्या ओळीत एक गांध उठली. वाढत वाढत ती आठाण्याच्या नाण्याएवढी झाली, कडा लाल.

“ज्वारी,” बाई म्हणाल्या. “ज्वारीचा पराग.”

मी विचारलं, मग मिरची? त्या म्हणाल्या, मिरची झोंबते, खोकला आणते, ती कोणालाही आणेल. पण हा आजार मिरचीचा नाही. आणि मग, मी जीवशास्त्राचा शिक्षक आहे म्हटल्यावर, त्यांनी जरा सविस्तर सांगितलं. परागात अनेक प्रथिनं असतात. ज्वारीच्या जवळच्या नात्यातल्या एका गवताच्या परागात जी प्रथिनं माणसांना नडतात, त्यातलं एक पेक्टिन तोडणारं एन्झाइम आहे, पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज. तुमच्या मिसेसना त्यातलं नेमकं कोणतं नडतं ते सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही, पण हे असण्याची शक्यता बरीच.

तो शब्द मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो. मी वाक्य शोधत होतो आणि मनातल्या मनात शिकवल्यासारखा पुढे जात होतो. माणसाच्या अंगात पेक्टिन नसतं. म्हणजे त्या एन्झाइमला तिच्या छातीत करण्यासारखं कामच नव्हतं. ते तिथे काहीही तोडत नव्हतं. वाट चुकून आलेला बिनकामाचा परका होता तो, आणि तिचं शरीर त्याला दरोडेखोर समजून स्वतःचीच दारं आतून बंद करून घेत होतं. पराग तासाभरात मरतो, हे मी मुलांना सांगायचो. मेलेल्या परागातलं ते प्रथिन पुडीत बांधलं तरी तसंच राहतं, हे कधी सांगितलं नव्हतं. मला कधी सुचलंच नव्हतं.

पुढे काय, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, औषधं नियमित घ्या, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत ज्वारीपासून लांब राहा. लांब म्हणजे कुठे? तापीच्या दोन्ही काठांना पौषात दुसरं काय असतं? मनातल्या मनात मी सगळा जिल्हा धुंडाळला. मोलगीच्या डोंगरात तिला कोणाकडे ठेवू, तिथे रात्री-बेरात्री दम लागला तर खाली कसं आणू. एकही जागा सापडेना. दरवर्षी पौष येणार, दरवर्षी ती पलंगाच्या काठावर बसणार, आणि मी समोर उभा राहून बघणार. आपण एखाद्याला मारता मारता राहिलो, आणि आता वाचवूही शकत नाही, हे एकाच क्षणी कळलं की माणसाला कुठे बघावं ते कळत नाही. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्याकडे बघत बसलो.

तेवढ्यात बाईंनी दवाखान्याचे जुने कागद चाळले आणि भुवया उंचावल्या. बायकोला म्हणाल्या, “ऐन फुलोऱ्यात तुम्ही दादरच्या मळ्यात राहायला गेलात? आणि हे काय, पहाटे कणसं झटकत होतात? अहो, घरात शिकलेला माणूस आहे, एवढं विचारायचं तरी ना. कोणी सांगितलं तुम्हाला हे?”

मी तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आलाही होता.

“मीच गयथू,” बायको म्हणाली. “मन्हाच मनले वाटनं.”

बाई तिला बरंच बोलल्या. रागावून नाही, काळजीने, पण बोलल्या. अशी मनमानी करू नका, जीव जाता जाता राहिला, मिस्टरांचं ऐकत जा. बायको मान खाली घालून ऐकत होती, गांध उठलेला हात मांडीवर उताणा ठेवून. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होतो, एका हाताच्या अंतरावर. बाईंनी माझ्याकडे बघून ‘तुम्ही तरी लक्ष द्या सर’ म्हटलं, तेव्हा मी मान हलवली.

परतीची गाडी दुपारची होती. तिने खिडकीची काच लावून घेतली, तोंडाला ओढणी बांधली आणि बाहेर बघत बसली. उकाई गेलं, नवापूर गेलं. मी दोनदा चहा विचारला, ती नको म्हणाली. चिंचपाडा मागे पडल्यावर तिने ओढणी जरा खाली केली.

“मी खोटं बोलनू तठे,” ती म्हणाली.

मी म्हणालो, हो.

“बाई मले बोली ऱ्हायनी व्हती ना,” ती थांबली, श्वास घेतला, आणि मग म्हणाली, “तवय मी तुमनी वाट दखी ऱ्हायनू व्हतू.”

तिने ओढणी पुन्हा वर ओढली. नंदुरबार यायला अजून अर्धा-पाऊण तास होता. त्या वेळातही मी काही बोललो नाही.